हजार न वाचलेले आणि तांदळाची खोली

लाखांदूरच्या एका शाळेचे अर्धवेळ ग्रंथपाल जीवनराव रामटेके भंडाऱ्याचं प्रशिक्षण आटोपून एसटीतून उतरले, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक फाईल, एक अर्धी खाल्लेली बालुशाही आणि एक निश्चय होता. फाईल त्यांनी बायकोला दाखवली, बालुशाही आईला दिली आणि निश्चय स्वतःजवळ ठेवला. तिथंच चुकलं. बालुशाही ठेवून घेऊन निश्चय आईला दिला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं.

निश्चय असा होता की, आपण एक फीड रीडर निवडायचा.

हे काय प्रकरण आहे ते प्रशिक्षण देणाऱ्या तरुण साहेबांनी फार सोपं करून सांगितलं होतं. जगभरातले शाळांचे ग्रंथपाल इंटरनेटवर रोज काही ना काही लिहितात. पोरांना वाचायला कसं लावावं, कपाटं कशी मांडावी, फाटकी पुस्तकं कशी चिकटवावी. त्याला ब्लॉग म्हणायचं. आता रोज उठून पन्नास जणांच्या दारात कोण जाईल? म्हणून फीड रीडर घ्यायचा. कुणीही कुठं काही लिहिलं की ते आपणहून आपल्या दारात येऊन पडतं, पेपरवाल्यानं पेपर टाकावा तसं. (लाखांदुरात पेपर नऊच्या एसटीनं येतो आणि एसटी आली तरच येतो, पण जीवनरावांनी तिथं हात वर करून शंका विचारली नाही. बालुशाही वाटायला सुरुवात झाली होती.)

एरवी जीवनराव असल्या नव्या गोष्टींच्या वाटेला जाणारे नव्हेत. पण या वेळी गळ्याशी आलं होतं. शाळेत पक्क्या स्लॅबची खोली एकच, आणि ती ग्रंथालयाची. सहा कपाटं, चार हजार दोनशे बारा पुस्तकं, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि मधोमध टेबलाशी जीवनराव, असं ते वीस वर्षांचं संस्थान होतं. उलट खिचडीचा तांदूळ ज्या शेडमध्ये ठेवायचे, ते पावसाळ्यात वरून गळायचं आणि खालून घुशी पोखरायच्या. त्यामुळे हेडमास्तर चंद्रकुमार लांजेवार सर ग्रंथालयाच्या खोलीकडे, सोयरीक पाहायला आलेला माणूस पोरीकडे पाहतो, तसे पाहायचे. एकदा तर आत येऊन त्यांनी पावलांनी लांबी-रुंदी मोजली.

"रामटेके सर, अठी पोरं किती येतात जी?"

"येतात ना सर."

"काल कोन आलं होतं?"

"काल..." जीवनरावांनी आठवून पाहिलं. खोटं बोलायचं नाही, ही त्यांची मोठी अडचण होती. "काल शिपाई आला होता. चटई मांगाले."

लांजेवार सरांनी मान हलवली. मग त्यांनी निकालच देऊन टाकला. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी भंडाऱ्याहून शिक्षण विभागाच्या मॅडम तपासणीला यायच्या होत्या. "तुमचा तो फीड रीडर का काय, तो मॅडमले दाखवा. मॅडम खूश झाल्या तं खोली तुमची. नाही तं तांदूळ अंदर आन् तुमी बाहेर!"

त्या खोलीवर जीवनरावांचा जीव होता. अर्धवेळ पगाराच्या नोकरीत एवढी एकच गोष्ट त्यांना पूर्ण मिळाली होती.

घरी एक कॉम्प्युटर होता. रश्मीवहिनी, म्हणजे जीवनरावांच्या पत्नी, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या, घरी नववी-दहावीच्या शिकवण्या घ्यायच्या आणि प्रश्नपत्रिका टाईप करायला तो वापरायच्या. त्या म्हणाल्या, "द्या, दहा मिनिटांत खातं उघडून देतो."

पण दहा मिनिटांत झालं तर ते शासकीय काम कसलं? शाळेचा नियम होता की कोणतीही वस्तू घ्यायची तर तीन दरपत्रकं मागवायची आणि तुलनात्मक तक्ता करून मगच निवड करायची. जीवनरावांनी तीन फीड रीडरच्या कंपन्यांना तीन पत्रं लिहिली. 'आपल्या फीड रीडरचे दरपत्रक सीलबंद लिफाफ्यात पाठवावे.'

"अवो, फुकट आहे ना जी ते!" रश्मीवहिनींनी कपाळावर हात मारला.

"फुकट आहे म्हनून का नियम मोडाचा?"

पंधरा दिवस वाट पाहून झाली. उत्तर कुणाचंच आलं नाही. तेव्हा जीवनरावांनी स्वतःच पट्टीनं रेघा मारून तक्ता केला. दर: निरंक. वाहतूक: निरंक. जोडणी खर्च: निरंक. तिन्ही रकान्यांत वरपासून खालपर्यंत निरंक. तो सुंदर तक्ता समोर धरून ते दोन दिवस विचार करत बसले आणि शेवटी रश्मीवहिनींनी ज्याची अक्षरं सगळ्यांत मोठी दिसत होती तो निवडला. खातंही त्यांच्याच नावानं उघडलं, कारण जीवनराव पासवर्ड ठेवायचे आणि विसरायचे, पुन्हा ठेवायचे आणि पुन्हा विसरायचे.

मग आली ब्लॉग निवडण्याची पाळी. प्रशिक्षणात साठ उपयुक्त ब्लॉगांची यादी मिळाली होती, आणि साहेबांनी तीनतीनदा बजावलं होतं की यातले पाच-सहाच घ्या. पण साहेब तरुण होते, त्यांना ग्रंथपालाचं दुःख काय ठाऊक! वीस वर्षांत जीवनरावांना स्वतःच्या पसंतीचं एक पुस्तक घेता आलं नव्हतं. वरून जे गठ्ठे येतील ते उतरवून घ्यायचे. एका साली शेळीपालनाच्या एकाच पुस्तकाच्या अठरा प्रती आल्या होत्या. अशा माणसापुढे सगळं जग फुकटात मांडून ठेवलं आणि सांगितलं की हवं ते घे. त्यांनी साठच्या साठ घेतले. तर प्रत्येक ब्लॉगच्या कडेला आणखी वीस-वीस ब्लॉगांची नावं! तीही घेतली. एका ब्लॉगची भाषा कोणती, हे शेवटपर्यंत कळलं नाही; पण त्यातली कपाटं चांगली होती म्हणून तोही घेतला.

"दोनशे चौदा!" संध्याकाळी ते छाती फुगवून म्हणाले. "पूर्ण जिल्ह्यात कोनापाशी नसन."

"वाचनार कोन?" रश्मीवहिनींनी विचारलं.

हा प्रश्न प्रशिक्षणाच्या फाईलीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ते कॉम्प्युटरपुढे बसले, तर डाव्या अंगाला ठळक अक्षरांत उभं होतं: न वाचलेले, एक हजार अधिक. जीवनरावांनी आयुष्यात टेबलावर एक कागद शिल्लक ठेवला नव्हता. आता एका रात्रीत हजाराची थकबाकी!

पण माणूस खचणारा नव्हता. ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक आधी दाखल नोंदवहीत चढतं, त्याला नंबर पडतो, शिक्का बसतो आणि मगच ते वाचकाच्या हातात जातं. त्यांनी दोनशे पानी कोरी वही आणली, रकाने पाडले आणि पहिला लेख वाचायला घेतला. इंग्रजी त्यांना येत होतं. पण ते त्यांच्या मनात येईपर्यंत वेळ लागायचा. मांडीवर शब्दकोश, नाकावर चष्मा. पहिला लेख सव्वा तासात आटोपला. त्याची छापील प्रत काढून खाली त्यांनी सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला: 'वाचले. उपयुक्त. शिफारस करण्यात येते. ग्रंथपाल.' आठ-दहा लेखांवर तोच शेरा लिहून बोटं दुखायला लागली, तेव्हा त्यांनी बाजारात जाऊन त्या मजकुराचा रबरी शिक्काच करून आणला. वाचायचं आणि ठप्पा मारायचा. ठप्प्याचा आवाज मोठा समाधानाचा होता.

आठवड्यात एकतीस लेख झाले. जीवनरावांनी मोठ्या आशेनं आकडा पाहिला. न वाचलेले, एक हजार अधिक. रोज नवे येऊन पडत होते आणि आकडा एकानंही हलला नव्हता! गोसीखुर्दच्या धरणावर बसून लोट्यानं पाणी उपसावं आणि दर लोट्यामागं पट्टी लावून पाहावी, तशी त्यांची गत झाली. त्यांचं जेवण कमी झालं. वर्गात जाणाऱ्या पोरांकडेही ते 'न वाचलेले' म्हणून पाहायला लागले.

शेवटी रश्मीवहिनींना राहवलं नाही. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे पाहा, वरतून तिसरं बटन. मार्क ऑल अॅज रीड. दाबलं का सारे वाचले म्हनून होऊन जाते. खतम!"

"वाचले नसले तरी?"

"वाचले नसले तरी."

जीवनरावांनी वीज लागल्यासारखा हात मागं घेतला. "म्हंजे खोटंच ना! रश्मी, आपन रोज सकाळी बुद्धवंदना घेतो. पंचशीलातलं चौथं शील का आहे? खोटं बोलनार नाही. मी न वाचता वाचलं म्हनून कबूल करू?"

"कॉम्प्युटरले सांगाचं आहे जी, मानसाले नाही!"

"शीलात असं कुठं आहे का कॉम्प्युटरशी खोटं बोललं तं चालते?"

बाजेवर तुरीतले खडे निवडत बसलेल्या तुळसाबाईंनी, म्हणजे जीवनरावांच्या आईनं, मान वर केली. म्हातारीला अक्षर एक येत नव्हतं, पण पंचशील तोंडपाठ होतं आणि मुलालाही तिनंच शिकवलं होतं. "बाबू बराबर बोलते," ती म्हणाली. "खोटं नाही बोलाचं." पण बोलताना तिची नजर सुनेच्या बोटावर होती. वरतून तिसरं.

मग रश्मीवहिनींनीच तोड काढली. रोवण्याचे दिवस होते. शिवारात बांधीबांधीत, म्हणजे भाताच्या तुकड्यातुकड्यात, बायांच्या रांगा धानाची रोपं लावत होत्या. "एकट्या मानसानं कधी बांधी रोवून होते का?" त्या म्हणाल्या. "दहा जनी लागतात तवा दिवसाकाठी होते. तुमी एक बांधी घ्या, मी एक घेतो."

"आन् मी?" तुळसाबाई म्हणाल्या.

"माय, तुले वाचता येत नाही ना."

"रश्मी वाचन, मी आयकन. बुद्ध भगवानानं का लिहून ठेवलं होतं? आयकूनच तं आलं सारं!"

जीवनरावांनी नोंदवहीत 'ऐकले' असा नवा रकाना पाडला. शेजारच्या गोदावरीबाई कुकर मागायला आल्या, तर त्यांनाही धरून बसवलं. रश्मीवहिनी धडाधड मराठीत सांगायच्या, म्हाताऱ्या ऐकायच्या आणि जीवनराव ठप्पे मारायचे. दूरदेशीच्या कुठल्या तरी बाईनं लिहिलं होतं की, माझ्या वाचनालयात मांजर ठेवल्यापासून मुलं जास्त येतात. गोदावरीबाईंनी लगेच आपली दोन पिल्लं देऊ केली. जे खरंच कामाचं वाटे, त्याला रश्मीवहिनी कडेच्या चांदणीवर टिचकी मारून ठेवायच्या. जीवनरावांना ती चांदणी शोभेची वाटत होती.

शनिवार उजाडला. रोवण्यासारखं वाटून घेऊनही एकूण लेख झाले एकशे बारा. सकाळी जीवनरावांनी कॉम्प्युटर सुरू करून आकडा पाहिला, डोळे मिटले आणि कसेबसे आंघोळीला गेले. पाट्यावर मिरची वाटता वाटता तुळसाबाई मुलाच्या पाठीकडे पाहत राहिल्या. पाठ फारच वाकली होती.

दहा वाजता कॉम्प्युटर रिक्षातून शाळेत पोचला. पासवर्ड रश्मीवहिनींना ठाऊक, म्हणून त्याही आल्या. आणि तिथं पहिला घोळ झाला: पक्क्या स्लॅबच्या त्या खोलीत नेटची रेंजच येईना. जीवनराव कॉम्प्युटरला लावायचं नेटचं बोटभर यंत्र हातात धरून खुर्चीवर चढले, मग टेबलावर, मग कपाटाला लोंबकळले. शेवटी बाहेर व्हरांड्यात, खिचडीची रांग लागते त्या खांबापाशी, रेंज मिळाली. टेबल तिथं मांडलं. नुसतं टेबल बोडकं दिसायला लागलं म्हणून शोभेला दोन टोपली पुस्तकं आणून बाजूला ठेवली.

मॅडम आल्या. साध्या, हसऱ्या, पण चष्म्यावरून पाहणाऱ्या. लांजेवार सरांनी खुर्ची पुढे केली. रश्मीवहिनींनी पासवर्ड टाकला, पडदा उघडला आणि डाव्या अंगाला ठळक अक्षरांत उभं होतं: न वाचलेले, चार.

जीवनरावांनी चष्मा काढला, पुसला, लावला. चार!

"अरे वा!" मॅडम म्हणाल्या. "दोनशे चौदा ब्लॉग आणि फक्त चार वाचायचे राहिलेत? सर, माझ्या स्वतःच्या रीडरमध्ये सहाशे पडून आहेत!"

"आमचे रामटेके सर लय मेहनती आहेत मॅडम," लांजेवार सर लगेच म्हणाले. (ज्या बाजूला मॅडम, त्या बाजूला लांजेवार सर, हा त्यांचा एकमेव नियम होता आणि त्यांनी तो कधी मोडला नाही.)

खोली वाचली होती. फक्त गप्प बसायचं होतं. लहान मूलही बसलं असतं. पण जीवनरावांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, हे खोटं आहे."

टेबलाखाली लांजेवार सरांचा बूट त्यांच्या चपलेवर जोरात पडला.

"हजारावर होते मॅडम. सकाळी मीनं पाहिले. चार कसे झाले मले नाही माहीत. खरे वाचले ते एकशे बारा. त्याच्यातले त्रेचाळीस मी, बाकीचे बायकोनं. मायनं आन् शेजारनीनं आयकले, ते वेगळ्या रकान्यात आहेत."

मॅडमनी हात पुढे केला. "बघू नोंदवही."

त्यांनी छापील प्रतींचा गठ्ठाही चाळला. "रामटेके सर, एकशे बाराच्या एकशे बारा उपयुक्त?"

"हो मॅडम."

"हा लेख वाचनालयाच्या पायऱ्यांवरचा बर्फ कसा झाडावा याबद्दल आहे."

"हो मॅडम."

"यावर शिक्का आहे, शिफारस करण्यात येते."

मे महिन्यातलं लाखांदूर सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे आलं असावं, कारण शिपाई तोंडाला रुमाल लावून खांबाआड गेला.

"यातलं एक तरी तुमच्या शाळेच्या खरोखर कामाचं आहे का?" मॅडमनी विचारलं.

जीवनरावांना कामाचं एकही सापडेना. सगळं आठवत होतं, सव्वा-सव्वा तास झिजून वाचलेलं. पण मॅडमच्या चष्म्यापुढे बर्फाशिवाय काहीच दिसेना. तेव्हा रश्मीवहिनी पुढे आल्या. "मॅडम, मी सांगू का? मीनं सात बाजूला काढून ठेवले आहेत." त्यांनी चांदणीवर टिचकी मारली आणि पहिला लेख उघडला. कुठल्याशा डोंगराळ खेड्यातल्या शिक्षिकेनं लिहिलेला. तिच्या वाचनालयाचं छत कोसळलं, तेव्हा तिनं पुस्तकं टोपल्यांत भरून शाळेत जिथं मुलं थांबतात तिथं ठेवून दिली. पाण्याच्या नळापाशी, फाटकापाशी, जेवणाच्या रांगेपाशी. पुस्तकं आपणहून हातात यायला लागली, तेव्हा पोरं वाचायला लागली.

सांगता सांगता रश्मीवहिनी थांबल्या, कारण मॅडम पडद्याकडे पाहतच नव्हत्या. त्या रांगेकडे पाहत होत्या. खिचडीची रांग लागली होती, ताटल्या काखेत होत्या आणि शोभेची दोन्ही टोपली रिकामी होती. पोरंपोरी पुस्तकात डोकं घालून एकेक पाऊल पुढे सरकत होती. सातवीतल्या एका पोरीनं तर शेळीपालन घेतलं होतं आणि ती बाजूच्या पोरीला म्हणत होती, "अवो, आमची शेळी अशीच करते, पाह्य वो!"

"अरे, नोंद! नोंद केल्याबिगर..." जीवनराव ओरडत उठले. मॅडमनी त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना खाली बसवलं.

ते बसले आणि पाहत राहिले. शेळीपालनाची ती प्रत वीस वर्षांत कपाटाबाहेर आली नव्हती. पोरांना पुस्तकं नको असतात असं ते इतकी वर्षं समजत होते. पोरांना नको होतं ते फक्त त्यांचं टेबल. त्यांना एकदम फार वाईट वाटलं आणि त्याहूनही जास्त आनंद झाला, आणि दोन्ही एकाच वेळी झाल्यामुळे त्यांना शिंक आली.

"सोमवारपासून हेच करा," मॅडम उठत म्हणाल्या. "सगळी पुस्तकं टोपल्यांत, सगळ्या शाळेत. फार छान. मी अहवालात लिहिते."

लांजेवार सरांचा चेहरा फुलला. "म्हंजे मॅडम, पुस्तकं बाहेर. मंग ती खोली..."

"खोलीची मग काय गरज?" मॅडम म्हणाल्या.

"पन मॅडम..." जीवनराव अर्धवट उठले.

लांजेवार सरांनी गठ्ठ्यातून सदतीस नंबरची प्रत काढून त्यांच्यापुढे धरली. तोच, टोपल्यांचा लेख. खाली जांभळ्या शाईत ठसठशीत ठप्पा होता. "रामटेके सर, तुमचीच शिफारस आहे जी," ते प्रेमानं म्हणाले.

दुपारी घरी आल्यावर जीवनराव बाजेवर आडवे झाले आणि पंख्याला म्हणाले, "ते चार कसे झाले?"

"मीनं दाबलं," तुळसाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "वरतून तिसरं."

जीवनराव ताडकन उठून बसले. "माय! तू? चौथं शील?"

म्हातारी पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. "मी कायले खोटी बोलू? मले वाचता येते का? त्या बटनावर का लिहिलं आहे मले का मालूम! पोराची पाठ वाकून राहिली होती, मीनं रश्मीसारखा माऊस सरकवला आन् बोट टेकवलं. ज्यानं वाचलं त्यानं पाप धरावं."

"म्हंजे ते चार मांगून नवे आलेले!" रश्मीवहिनी हसता हसता भिंतीला टेकल्या. जीवनरावांनी बराच विचार केला, पण त्यांना त्या युक्तिवादात एकही फट सापडली नाही.

सोमवारी टोपली लागली. पहिल्याच दिवशी जेवढी पुस्तकं हातोहात फिरली, तेवढी त्याआधी सबंध वर्षात फिरली नव्हती. जीवनराव या टोपल्याकडून त्या टोपल्याकडे नुसते पळत होते, आणि त्यांच्या पाठीचा वाक कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही.

अकरा वाजता शिपाई आला. तांदळाची चाळीस पोती त्यांच्या जुन्या खोलीत उतरली होती आणि लांजेवार सरांचा निरोप होता: खोली कागदोपत्री ग्रंथालयाचीच आहे, तेव्हा आलेल्या मालावर ग्रंथपालाचा शिक्का पाहिजे.

ग्रंथपालाचा म्हणून जीवनरावांकडे हाताशी एकच शिक्का होता. तो घेऊन ते खोलीत गेले. कपाटांच्या जागी पोत्यांची थप्पी होती. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र अजून तसाच होता. ते पहिल्या पोत्यापाशी उभे राहिले. शिक्क्यावर पहिलाच शब्द होता, 'वाचले'. जीवनरावांनी सुस्कारा सोडला, नाकावर चष्मा चढवला, कमरेत वाकले आणि पोत्यावरचं वाचायला लागले. तांदूळ. शालेय पोषण आहार. निव्वळ वजन पन्नास किलो. विक्रीसाठी नाही. पूर्ण वाचून झाल्यावर त्यांनी ठप्पा मारला: वाचले. उपयुक्त. शिफारस करण्यात येते. मग दुसरं पोतं. मग तिसरं.

रश्मीवहिनी डबा घेऊन आल्या, तेव्हा ते चाळिसाव्यावर ठप्पा मारून कंबर सरळ करत होते. दारातून त्यांनी पोत्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून विचारलं, "मंग, आज न वाचलेले किती राहिले जी?"

जीवनरावांनी थप्पीवरून एकवार नजर फिरवली. खोटं बोलायचं काही कारणच उरलं नव्हतं.

"निरंक," ते म्हणाले.